पहिली फुंकर

दवाखान्यातून दिलेल्या तीन चेंडूंच्या त्या प्लॅस्टिकच्या खेळण्याला फुग्या आताशा शिव्या घालूनच तोंड लावायचा. नळीतून श्वास आत ओढला की एकामागून एक चेंडू वर चढायला हवेत. पहिला चढायचा. दुसरा मेहेरबानी केल्यासारखा अर्ध्यावर यायचा. तिसरा जागचा हलायचा नाही. कारखान्यातली भिंत झाडताना शिडीवरून पडून तीन बरगड्या मोडल्या, त्याला सात आठवडे झाले होते. हाडं सांधली, पण श्वास काही परतला नाही. जरा खोल घ्यावा, तर डाव्या कुशीत कळ यायची.

“अहो, जोर लावू नका. सावकाश ओढा,” बायको म्हणायची.

“तू ओढून दाखव,” तो खेकसायचा. एकदा तिने दाखवलं. तिन्ही चेंडू टुणकन वर. त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही.

चिडायला कारण होतं. बावीस वर्षं तो प्रयोगशाळांचे काचेचे चंबू फुंकत होता. गाल फुगवून फुगवून त्याचं नावच फुग्या पडलं होतं. गुरुवारी दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाई परीक्षा घेणार होत्या: तिसरा चेंडू वर न्यायचा आणि मग दहा आकडे श्वास रोखायचा. जमलं तर भट्टीवर परतायचा दाखला. नाही तर भट्टी सुटली आणि उरलेली नोकरी खोकी बांधण्यात. फुंकनळीशिवाय आपण कोण, हे त्याला माहीत नव्हतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो कारखान्यात गेला. भट्टीमागच्या त्याच भिंतीवर खिळ्यांना काचफुगे टांगलेले होते. तिथली रीतच तशी. नव्या माणसाचा पहिला जमलेला फुगा, देठ ज्वाळेत मिटवून, आतल्या फुंकरीसकट टांगायचा. माणूस कायमचा गेला की सगळ्यांनी मिळून तो फोडायचा. तोवर त्याला पुसायचं कापड लागेल तेवढंच, दुसरं काही नाही.

फुग्याचा विचार सरळ होता. आपली विशीतली फुंकर तिथे नुसती पडून आहे. आपलीच आहे, मग यात कसली चोरी? त्याने डावीकडून चौथ्या, आपल्या नेहमीच्या खिळ्यावरचा फुगा उतरवला, कानशीने देठ कापला आणि छाती मानेल तेवढं आत ओढलं. मग कापलेली बाजू भिंतीकडे करून फुगा होता तिथे टांगला.

आतली हवा कोमट होती. भट्टीजवळची, म्हणून असेल. तिला लवंगेचा वास होता.

घरी येऊन त्याने नळी तोंडाला लावली. तिन्ही चेंडू वर गेले आणि वरच थांबले. कळ नाही, काही नाही. फुग्याला रडूच कोसळलं. बायकोने त्याचे डोळे पुसले आणि मग जरा मागे सरून विचारलं, “अहो, लवंग कधीपासून चघळायला लागलात?”

तो लवंगेला शिवतही नसे. लवंग असायची ती शेजारच्या भट्टीवरच्या जोडीदाराच्या गालात.

मंगळवारी तो जोडीदार भेटायला आला. दोन जिने चढून खुर्चीत टेकला आणि धापा टाकत राहिला.

“काय रे, म्हातारा झालास की काय?” फुग्या म्हणाला.

“कालपासून कसंतरीच होतंय. दुपारी जेवता जेवताच धाप लागली.” जोडीदार थांबला, हसला. “तू पडल्यावर भिंतीचं राहिलेलं काम मीच केलं बरं का. फुगे उतरवले, पुसले, परत टांगले. थोडे इकडचे तिकडे झालेत. तुझा आता सहाव्या खिळ्यावर आहे, चौथ्यावर माझा.”

फुग्याने हातातला पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी एका दमात घटाघटा पिऊन टाकलं. पेला खाली ठेवून पाहतो, तर जोडीदार आ वासून बसलेला. हात गळ्याशी, ओठ जांभळे. फुग्याने दचकून श्वास घेतला.

जोडीदारानेही घेतला.

“हे असं होतं,” तो ओशाळून म्हणाला. “मध्येच कुणी दार लावल्यासारखं.”

सांगून टाकावं, असं फुग्याला दोनदा वाटलं. पण गुरुवार दोन दिवसांवर होता. योगायोग असेल. दाखला हातात पडू दे, मग सहाव्या खिळ्यावरचा आपला फुगा त्याला देऊन टाकू. स्वतःची लाज वाटली, तरी तो गप्प बसला.

गुरुवारी सोबतीला आला तो जोडीदारच. “तू कामावर आलास की मी जरा रजा घेईन म्हणतो,” असं म्हणून तो खोलीबाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसला. दार उघडंच होतं.

तिन्ही चेंडू वर गेले. बाई खूश झाल्या.

“आता शेवटचं. श्वास भरून घ्या आणि मी दहा मोजेपर्यंत रोखा. मध्ये सोडलात तर महिन्याने पुन्हा यावं लागेल.”

फुग्याने छाती भरली.

“एक.” बाई सावकाश मोजत होत्या. “दोन.”

नाकात लवंगेचा वास भरला.

“तीन. चार.”

बाहेर वर्तमानपत्र घसरून फरशीवर पडलं.

“पाच.”

बाईंची दाराकडे पाठ होती. जोडीदार फुग्याकडेच बघत होता.

“सहा. छान जमतंय.”

बाकाखाली टाचा फरशीवर घासल्या. एकदा, दोनदा.

“सात.”

मग घासायच्या थांबल्या.

“आठ,” बाई म्हणाल्या.