ट्रायलची कॅसेट

"सोडा, मी धरतो!"

"नको, पडेल!"

"तुम्ही धरलाय म्हणूनच पडेल."

इंदिरानगरमधल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, भर दुपारी, वाल्मीकशी झालेलं हे माझं पहिलं बोलणं. तो आणि त्याचे दोन मित्र वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. तोवर आम्ही एकमेकांना नुसतं पाहिलं होतं... म्हणजे त्याने पाहिलं होतं, आणि मी पाहिलंच नाही असं दाखवलं होतं.

माझ्या हातात आमचा जुना व्हीसीआर होता आणि डोळ्यांत पाणी. २००७ साली व्हीसीआर कवटाळून रडणारी मुलगी त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी.

"कुठे निघालात?"

"शालिमारच्या दुकानात, दुरुस्तीला. साडेचारच्या आत व्हायला हवा."

"साडेचारला काय आहे?"

"अप्पा येतात."

आणि मग मी सगळंच सांगून टाकलं. मी जात्याच भित्री, आणि घाबरले की माझं तोंड थांबत नाही.

आज आईची तिथी होती. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. मामाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ती बारा मिनिटं आहे, चालती-बोलती. दुसरीकडे कुठेच नाही. दर तिथीला अप्पा अंबडच्या कारखान्यातून पहिली पाळी करून येतात, दार लावून घेतात आणि ती बारा मिनिटं बघतात. मी कधीच पाहिली नव्हती. आईचा आवाज मी विसरले होते, आणि ऐकल्यावर तो अनोळखी वाटला तर? या भीतीने मी दर वर्षी स्वयंपाकघरात भांडी घासत बसायचे.

आणि या दिवाळीत मी काय करावं? नोकरी लागल्याच्या आनंदात चपटा टीव्ही आणला आणि जुना एक्सचेंजमध्ये देऊन टाकला. अप्पा काही बोलले नाहीत. आज मी व्हीसीआर जोडायला गेले, तर पडद्यावर नुसता निळा रंग.

"चला वर, तुमच्या घरी," वाल्मीक म्हणाला. "मी कंपनीत दिवसभर... म्हणजे रात्रभर वायरीच जोडतो. तिसरी पाळी आहे माझी."

दार सताड उघडं ठेवून मी त्याला घरात घेतलं. तो टीव्हीच्या मागे वाकला. "वायरी कुठे घातल्या होत्या?"

"व्हीसीआरच्या मागे. लाल, पांढरी, पिवळी. रंग बघून घातल्या!"

"रंग बरोबर, रांग चुकली. ही आत घेणारी, ती बाहेर देणारी. आता रिमोटवर एव्ही दाबा."

निळा पडदा काळा झाला. मी घाईने आईची कॅसेट पुढे केली, तशी त्याने माझं मनगट धरलं. लगेच सोडलंही... पण मनगटाला ते कळलं होतं.

"थांबा. मशीन वर्षभर बंद होतं ना? आधी ट्रायल घेऊ."

दोन-दोन पायऱ्या चढत तो वर गेला आणि एक कॅसेट घेऊन आला. ती आत गेली. दोन आडव्या रेघा, मग मांडव, मग हळदीने माखलेली एक नवरी लाजून हसली, आणि —

खर्रर्र...

चित्र गेलं. वाल्मीकने झटकन बटण बंद केलं. कॅसेट ओढली तशी तिच्यामागून चुरगळलेली तपकिरी फीत लोंबत आली. ती आईची असती तर?

त्याने स्क्रू काढून झाकण उघडलं. आत हळद, कुंकू, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि तांदळाचे दाणे.

"याचा साखरपुडा झाला होता काय?"

"दसऱ्याला... पूजा केली होती."

अप्पा फिटर. आमच्याकडे दसऱ्याला मिक्सरपासून स्कूटरपर्यंत प्रत्येक यंत्राची पूजा होते. यंदा ती मी केली होती. आईची आठवण म्हणून व्हीसीआरवर जरा जास्तच अक्षता वाहिल्या होत्या, नेमक्या वरच्या फटींवर.

"म्हणजे माझ्याच हाताने..."

"भक्ती थोडी जास्त झाली, एवढंच." चिमट्याने तो एकेक दाणा उचलू लागला. मग कापडाला स्पिरिट लावून त्याने फीत वाचणारं हेड पुसलं. खोलीभर तो थंड, झोंबरा वास पसरला. मी बाजूला पडलेली त्याची कॅसेट उचलली. तिच्यावर लिहिलं होतं, 'ताईचं लग्न, पिंपळगाव, १९९६.'

"ही... ट्रायलची कॅसेट?"

तो मान वर करेना.

"तुमच्या घरची एकुलती एक असेल! सीडी तरी केली आहे का?"

"त्यासाठीच गावाहून आणली होती."

"मग का घातलीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ताई निफाडला असते, हवी तेव्हा भेटते. नवराही अजून तोच आहे." तो हसला, आणि मग हसू आवरून हळूच म्हणाला, "तुमच्या आईला कॅमेऱ्यासमोर पुन्हा कोण उभं करणार?"

घाबरले असूनही तोंड बंद, असं पहिल्यांदाच झालं. हा माणूस मला आवडला होता. खूप.

चुरगळलेली फीत सरळ करून, गुंडाळून त्याने तीच कॅसेट पुन्हा लावली. आता ती न अडकता नीट चालली. मग आईची आत सरकवली. घड्याळात चार वीस.

"दाबू?"

"नको!"

त्याने हात मागे घेतला. "तुम्ही म्हणाल तेव्हा. नाही म्हणालात, तर नाही."

मी डोळे घट्ट मिटले आणि बटण मीच दाबलं. सनई, गलका... आणि मग, "प्रतिभा! अगं, पळू नकोस, पडशील!"

आवाज अनोळखी नव्हता. मुळीच नव्हता. मी डोळे उघडले. हिरव्या साडीतली आई माझ्यामागे धावत होती, आणि मांडवात मी खरंच पडत होते.

मागे काहीतरी वाजलं. दारात अप्पा उभे होते, डबा खाली ठेवून.

"तू रडशील म्हणून तुला कधी बोलावलं नाही, पोरी."

"मला वाटायचं, तुम्ही रडाल."

मग दोघंही रडलो. वाल्मीक पाय न वाजवता निघाला, तसे अप्पा म्हणाले, "अहो, तिथीचं जेवण आहे, जेवून जा."

"नको काका. निघतो."

तो जिन्यापाशी पोचला तेव्हा मी धावत बाहेर आले.

"ऐका ना... मला भीती वाटतेय."

"आता कशाची?"

"आता काही बिघडलेलं नाही. म्हणजे तुम्ही परत येणार नाही... याची."

तो वरच्या पायरीवर थांबला, वळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. मग सावकाश खाली आला आणि आमच्या दारात चपला काढत म्हणाला,

"काका, जेवतो मी. मघाशी उगाच नको म्हणालो."