धुरपदाबाईंचा राहिलेला उत्तररंग

या, इकडे सरका. अजून जवळ… हां, असं. ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यातली नाही, कानाशी लागून ऐकायची आहे. प्रेमाची आहे, तर लाजू नका. मधेच अंगावर काटा आला तर शेजारच्याचा हात धरा. शेवट गोड आहे, तिथवर नेण्याची जबाबदारी माझी.

चौऱ्याहत्तर सालचा चैत्र. धुळ्याला पाचकंदील चौकाजवळ प्रकाशचंदशेठचं रेडिओचं दुकान होतं. भर दुपार, रस्त्याचं डांबर पातळ झालेलं, चिटपाखरू नाही. अशात दुकानाच्या पायरीवर एक मुलगी येऊन उभी राहिली. उन्हासाठी पदर चेहऱ्याभोवती गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. आणि बोलली इतकी हळू, की टेबलावर वाकून रेडिओच्या तारांना डाग देत बसलेल्या कारागिराला, रतिलालला वाटलं, मागं कुणी वहीचं पान उलटलं.

"कानाला लावायचा… हेडफोन मिळेल का?"

"मिळेल की. पण बाई, जरा मोठ्यानं बोला. मी अजून लावलेला नाही."

ती हसली. पण आवाजच नाही! नुसते खांदे हलले, डोळे बारीक झाले… असं मुकं हसू रतिलालनं सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. हातातली डाग द्यायची तापलेली सळई तशीच राहिली आणि बोट पोळलं.

"रत्या," गल्ल्यावरून प्रकाशचंदशेठ म्हणाले, "गिऱ्हाइकाला माल दाखव. तोंड काय दाखवतोस?"

तिचं नाव लता. गाव पारोळा सांगितलं, तिथल्याच शाळेत शिकवायची. घरी ती आणि वडील, पितांबरनाना. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून नानांना आवाज सोसत नव्हता. कुठं वाटी पडली की ते दचकून बोट ओठावर ठेवायचे, चेहरा पिळवटायचा. डॉक्टर म्हणाले, शिरा नाजूक झाल्यात, शांतता ठेवा. तेव्हापासून लतानं घड्याळाचा लंबक बांधून टाकला. दोन भांड्यांमध्ये फडकं ठेवायचं. हातात काचेच्या बांगड्या नाहीत. चालणं टाचा उचलून.

"मला रेडिओवरचं कीर्तन ऐकायचंय," ती म्हणाली. "पण नानांना कळता कामा नये. त्यांचे कान फार तिखट आहेत."

रतिलालनं तीन हेडफोन काढले. "असं करू. तुम्ही लावा, मी नाना होऊन सहा फुटांवर बसतो. मला ऐकू आलं तर माल नापास."

पहिला होता प्लॅस्टिकचा, हलका, दिसायला झकास. रेडिओ लागला आणि रतिलाल डोळे मिटून बोटांनी ताल धरायला लागला. "कडेनं सगळा आवाज सांडतोय, बाई. नाना आत्तापर्यंत नाचले असते." दुसरी नुसती गुंडी, एका कानात खुपसायची. ती दोनदा निसटली आणि दोन्ही वेळा रतिलालनं उचलून दिली. दुसऱ्यांदा दोघांची बोटं एका वायरवर आली… आणि दोघंही वायरकडेच बघत राहिले.

तिसरा काळा, जड, कानावर चामड्याच्या जाड गाद्या. लष्करी मोडीत आलेला. तिनं तो चढवला आणि बाहेरचं सगळं जग एकदम विहिरीत गेल्यासारखं झालं. थोड्या वेळानं तिच्या कपाळावर आठी आली.

"चिपळ्या छान वाजतात. पण बुवा गायला कधी लागणार?"

रतिलालनं हातातलं वायरीचं टोक वर धरलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

रस्त्यावरून एक रिकामा टांगा गेला. तिनं हेडफोन उतरवला. तो टेबलावर लांब सरकवला. रतिलालचा चेहरा मात्र भलत्याच कारणानं उतरला होता.

"बाई… पारोळ्याच्या धुरपदाबाई तुमच्या कोण?"

"आई."

"रामनवमीच्या त्या कीर्तनाला लाउडस्पीकर माझा होता."

आता कीर्तनाची रीत ठाऊक नसेल त्यांना सांगते. आधी पूर्वरंग, म्हणजे अभंगावरचं निरूपण. मग मध्यंतर. कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, गोष्ट. शेवटी आरती. आरती झाल्याशिवाय श्रोत्यानं उठायचं नाही. धुरपदाबाई नऊवारी कसून चिपळ्या घेऊन उभ्या राहिल्या की पारोळ्याच्या किल्ल्याच्या खंदकापर्यंत माणूस बसायचं. त्या दिवशी पूर्वरंग संपला. हार पडला. बाई पाणी प्यायला खांबापाशी टेकल्या आणि रतिलालला म्हणाल्या, "बाळा, ते टेपचं यंत्र बंद करू नकोस हं. उत्तररंग खरा गोड आहे." आणि खांबाला डोकं टेकलं ते टेकलंच.

"त्या गोंधळात यंत्र चालूच राहिलं," रतिलाल म्हणाला. "फीत संपेपर्यंत. पुढं सगळा रिकामा मांडव आहे. कनात फडफडते, कुत्रं भुंकतं. स्पीकरवर बाकी काही नाही. पण हा हेडफोन लावला की…"

"चिपळ्या," लता म्हणाली.

रविवारी रतिलाल एस.टी.नं पारोळ्याला आला. मांडीवर टेपचं यंत्र, गोधडीत गुंडाळलेलं. कंडक्टरनं विचारलं, "आजारी शे का कोनी?" तर म्हणाला, "नाही भाऊ, लाजरं आहे."

नाना ओसरीवर बसले होते. धुवट सदरा, टोपी, घडीच्या सतरंजीवर मांडी घातलेली, कपाळावर बुक्क्याचा ठिपका. समोर नुसती भिंत. मान जरा कललेली. त्यांनी पाहुण्याकडे बघून बोट ओठावर ठेवलं आणि परत भिंतीकडे तोंड केलं. रतिलालच्या पाठीवरून थंड काहीतरी सरकलं.

आतल्या खोलीत बोलायची सोय नव्हती. लतानं शाळेची पाटी काढली. कोरडी पेन्सिल करकरते, म्हणून ओली करून लिहायची. नानांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळं पाटीचं भय नव्हतं.

तिनं लिहिलं, "चहा?"

त्यानं लिहिलं, "भुरका मारायचा नाही का?"

"नाही."

"मग तो चहा कसला, काढा झाला."

तिचे खांदे हलले. ते बघायला तो धुळ्याहून परत चालत आला असता.

हेडफोन एकच होता. रतिलालनं वरची पट्टी सोडवून दोन्ही गाद्या मोकळ्या केल्या. एक तिच्या कानाला, एक त्याच्या. त्यासाठी डोकी जवळ आणावी लागली. तिच्या केसांत शिकेकाईचा वास होता… आणि कानात धुरपदाबाई उभ्या राहिल्या. तोच खडा आवाज, तोच मधेच हसून श्रोत्यांना टपली मारायचा ढंग. लताच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. हुंदका तिनं पदरात दाबला. चार वर्षांत तिला रडताही आलं नव्हतं मोठ्यानं.

मग पूर्वरंग संपला, आरडाओरडा झाला, मांडव रिकामा झाला. आणि त्या रिकामपणात, दूर, मांडवाच्या टोकाला – चिपळ्या.

दुसऱ्या रविवारी त्या चिपळ्या खांबापाशी वाजल्या. फीत तीच होती, यंत्र तेच. तिसऱ्या रविवारी अगदी जवळ, दोघांच्या मधोमध. कुणीतरी श्वास घेतला. गाणारा पहिली ओळ उचलण्याआधी घेतो ना, तसा… आणि शब्द आलाच नाही. लतानं रतिलालचं मनगट घट्ट धरलं होतं. त्यानं यंत्र बंद केलं, तरी तिनं ते सोडलं नाही.

त्यानं दुसऱ्या हातानं पाटी ओढली. वेडंवाकडं लिहिलं, "आमच्या घरी या. तिथं मोठ्यानं हसता येतं."

ती वाचत राहिली. कायमचं या, असं विचारलं होतं त्यानं. कळायला काय वेळ लागतो? तिच्या आत एक झोका उंच गेला आणि दोर तुटल्यासारखा खाली आला. ओसरीवर नाना बसले होते. ती गेली तर भांड्यांत फडकं कोण ठेवणार? आत्तापर्यंत दोन स्थळं तिनं याच पायी परत पाठवली होती. तिनं ओल्या बोळ्यानं पाटी पुसली. उत्तर लिहिलं नाही.

रतिलालनं ते पाहिलं. हेडफोनची पट्टी पुन्हा जोडली, यंत्रातून वायर उपसली, गोधडी उलगडली. पुन्हा यायचं नाही, हे त्याच्या हातांवरून कळत होतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. नाना.

त्यांनी हात पुढं केला. "माले दे."

चार वर्षांत नानांनी काही मागितलं नव्हतं. लतानं हेडफोन दिला. ते जमिनीवर मांडी घालून बसले, टोपीवरून तो चढवला आणि डोळे मिटले. वायरीचं टोक त्यांच्या गुडघ्यापाशी लोंबत होतं. लता सांगायला पुढं झाली. रतिलालनं तिचा हात धरून मान हलवली.

नानांची मान डोलायला लागली.

मग बोटं मांडीवर ताल धरू लागली. एकदा ते हसले. एकदा डोळे पुसले. एकदा दोन्ही हात जोडून पुटपुटले, "विठ्ठल, विठ्ठल…" श्रोते गजराला साथ देतात तसे. उंबऱ्यावरचं ऊन भिंतीवर चढलं आणि विझलं. खोलीत चैत्राचा उकाडा होता, पण दोघांच्या अंगावर शहारा होता. आणि बुक्क्याचा वास… कुठून येत होता कोण जाणे.

दिवेलागणीला नानांनी हेडफोन उतरवला.

"व्हयना उत्तररंग," ते म्हणाले. झाला म्हणे! मोकळ्या, खणखणीत आवाजात! "चार वरीस वाट देखी मी."

"नाना, हळू… तुम्हाला आवाजाचा त्रास—"

"तरास? कसाना तरास, पोरी? तुनी मायनं कीर्तन अर्धं व्हतं ना. मझार कोनी बोलस का? आरती व्हवाशिवाय उठता येस का?" नाना नवलानं तिच्याकडं बघत होते. "तू बी गप बसे. माले वाटे, तू बी ऐकी ऱ्हायनी."

लताला आता उलगडा झाला. चार वर्षं ती दुखणं जपत होती, आणि नाना श्रोत्याचा धर्म पाळत होते. तिला वाटे, त्यांना बोलणं सोसत नाही. त्यांना वाटे, तीही मांडवात बसली आहे. दोघांनी एकमेकांसाठी तोंड शिवून घेतलं होतं.

रतिलालनं घसा साफ केला. "नाना… आख्यान कोणतं लावलं बाईंनी?"

"रुखमाईनं लगीन. पन औंदा तिनी नवीच गोठ घाली." नाना खुशीत आले होते. "म्हने, रुखमाईना बापना घरमा कोनीच बोले ना. मंग देवनी पाटीवर लिखं – आमना घर ये, तठे मोठ्ठा आवाजमा हसता येस."

लतानं पाटीकडं पाहिलं. ती ओली होती, कोरी होती. त्यावरचं एक अक्षर नानांनी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी वाचता येणार नव्हतं.

"मंग रुखमाईनी पाटी पुसी टाकी. उत्तरच नही दिधं. अन् आठेच थांबी गई तुनी माय. म्हने, पुढलं पोर सांगी." नाना उठून उभे राहिले, गुडघे कडकड वाजले. "सांग बरं पोरी. मंग आरती करू."

पाटी जवळच होती, पेन्सिलही. तिनं दोन्ही बाजूला सारली. रतिलालकडं सरळ पाहिलं.

"हो," ती म्हणाली. या घरात इतक्या वर्षांत न वापरलेला आवाज, मधेच चिरकला. म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, "हो! येईन!" आणि हसली. खळखळून, घर भरून. आढ्यावरची कबुतरं फडफडून उडाली आणि शेजारच्या बाया धावत दारात आल्या, की या घरात झालं तरी काय.

नानांनी घड्याळाचा लंबक सोडला. घंटा वाजवून वाजवून आरती केली. कापराच्या उजेडात रतिलालनं वायरीचं ते मोकळं टोक लताला दाखवलं. तिनं त्याच्या हातातून घेऊन ते हळूच कपाळाला लावलं.

पुढं लग्न झालं. रतिलालचा लाउडस्पीकर होता, म्हणजे किती आवाजात झालं ते विचारूच नका. तो काळा हेडफोन नानांच्या खुंटीवर राहिला. त्यांनी कितीदा तरी लावून पाहिला. पुन्हा चिपळ्या वाजल्या नाहीत. नानांना त्याचं दुःख नव्हतं. "आरती व्हयनी ना," म्हणायचे, "आते ती बी घर गई."

एवढं माझ्यासाठी करा. कधी कीर्तनाला बसलात, मध्यंतर झालं, हार पडला, बुक्क्याचा वास आला आणि लोक गप्पांना लागले, तर तुम्ही क्षणभर गप्प राहा. खांबापाशी टेकलेल्या धुरपदाबाईंची आठवण काढा. आणि आरती झाल्याशिवाय उठू नका.