सतरा नंबरचा आग्नेय कोपरा

माझं काम साधं होतं. समोरचा माणूस यंत्रानं चर खणायचा आणि मी चराच्या काठावर उभी राहून बघायची. काही दिसलं की हात वर करायचा, यंत्र थांबायचं. काही दिसलं नाही तर संध्याकाळी फॉर्मवर तसं लिहून सही करायची, की बिल्डरला तेवढी जमीन मोकळी. पुरातत्त्व म्हटलं की लोकांना सोन्याचे हंडे आठवतात. मला त्या सहा महिन्यांत कोकच्या बाटल्या, घोड्याचा एक नाल आणि कुणाची तरी कवळी सापडली होती.

२००५ चा मार्च होता. अमेरिकेतल्या चँडलरमधला एक जुना ट्रेलर पार्क, म्हणजे चाकांवरच्या घरांची वस्ती, उठवून तिथं बासष्ट घरं बांधायची होती. फिनिक्सच्या या खोऱ्यात हजारेक वर्षांपूर्वी कालवे काढून शेती करणारे लोक राहत होते. त्यांच्या वस्त्या अधूनमधून रस्त्यांखाली, पार्किंगखाली निघतात, म्हणून बांधकामाआधी आमच्यासारख्यांना बोलावतात. यंत्रावर अर्ल होता. साठीचा, पूर्वी घरांचे सांगाडे ठोकणारा सुतार, पाठ गेल्यावर यंत्रावर बसलेला. नागपूरला शिकत असताना एका उत्खननात माझा डावा घोटा मोडला होता, तेव्हापासून ते पाऊल बाहेर वळतं. अर्ल रोज सकाळी धुळीतले माझे ठसे बघून म्हणायचा, ‘कांचन, तू एकाच वेळी दोन गावांना निघालेली असतेस.’

आता माझी चूक सांगते. त्या बासष्टांपैकी सतरा नंबरचं घर माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. चैत्राली आणि तिचा नवरा यशोधन आठ वर्षं भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढत होते. यशोधन चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. त्या दिवसांत घरांवर लोकांच्या नुसत्या उड्या पडत होत्या. बिल्डर चिठ्ठ्या टाकायचा, आणि चौथ्या खेपेला यांची चिठ्ठी निघाली होती. मी हे माझ्या बॉसला सांगायला हवं होतं. त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतं. पण मला वाटलं, चार दिवसांचं काम, त्यात काय मोठंसं.

सतरा नंबरवर आम्ही मंगळवारी पोचलो. वरचा दोन फूट भराव. त्याखाली तांबूस माती. मग कॅलिची, म्हणजे चुन्यानं घट्ट झालेला पांढरा थर. वाळवंटात तो जमायला हजारो वर्षं लागतात आणि एकदा फोडला की परत जुळत नाही. तो अखंड असला की त्याखाली माणसाचं काही नसतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलीचं गणित. तिथं तो अखंड होता. मी अर्लला बस म्हणणार, एवढ्यात बादलीचा दात थर फोडून खाली गेला आणि चराच्या भिंतीत एक लाल रेघ दिसली. सरळ, बोटभर जाडीची, आडवी.

जळलेली जमीन.

मी खाली उतरून ती रेघ दोनदा खरवडून बघितली. वरच्या थराला कुठं भेग नव्हती, उंदराचं बीळसुद्धा नव्हतं. मी अर्लला सपाट पातं लावून वरचा भाग हळूहळू काढायला सांगितलं. दुपारपर्यंत दहा बाय अकरा फुटांचा तुकडा उघडा झाला. मी ब्रशनं झाडत होते. गुळगुळीत लिंपलेली जमीन, भाजून विटेसारखी लाल झालेली, आणि कडेनं भिंतींच्या सरळ खुणा. त्या लोकांची घरं अशी नसतात. त्यांच्या घरांचे कोपरे गोलसर असतात.

अर्ल यंत्रावरून उतरून काठावर आला. जेवणाचा डबा उघडलेला तसाच हातात धरून बराच वेळ बघत राहिला.

‘ही बेडरूम आहे,’ तो म्हणाला. ‘ते बघ, कपाटाचा कोनाडा. दार इथं. अशा मी शेकड्यांनी ठोकल्यात.’

मी म्हटलं, ‘पाच फूट खाली?’

त्यानं झाकण लावलं. डबा घेऊन ट्रकमध्ये जाऊन बसला.

जमीन जळते तेव्हा तिच्यावर जिथं जिथं काही ठेवलेलं असतं, तिथली माती लाल होत नाही, फिकी राहते. त्यावरून रांजण कुठं होता, पाटा कुठं होता, हे आम्ही सांगतो. इथं पूर्वेच्या भिंतीपाशी चार फिके ठिपके होते, रुपयाएवढे, आयताच्या चार कोपऱ्यांवर. लांबी बावन्न इंच, रुंदी अठ्ठावीस, भिंतीपासून सात. त्यांच्या शेजारी दोन लांबट फिके डाग. मी सगळं वहीत उतरवलं आणि खाली लिहिलं, अनोळखी.

मग आग्नेय कोपऱ्यात ब्रश खड्ड्यात गेला. ओंजळीएवढा खड्डा, त्यात फुटक्या मातीच्या डबीचे तुकडे. आत काळे पडलेले धान्याचे दाणे, पाच बारीक खडे, आणि पालथी घातलेली एक चांदीची आकृती. अंगठ्याएवढी. मी ती उलटी केली.

तो वास्तुपुरुष होता. आपल्याकडे वास्तुशांतीला पुरतात तोच, आग्नेय कोपऱ्यात, तोंड खाली करून. पुरल्यावर तो कधी काढायचा नसतो, हे माझ्या आईनं मला लहानपणी सांगितलेलं. आणि सापडलेली वस्तू नोंद केल्याशिवाय हलवायची नसते, हे माझ्या सरांनी. दोन्ही गोष्टी मी एका क्षणात मोडल्या होत्या. आकृतीच्या उजव्या टाचेवर तिरका, ताजा वाटावा असा चरा होता.

मला तेव्हा भीती वाटली नाही, खरं सांगते. मला घराची काळजी वाटली. मी हात वर केला असता तर सतरा नंबर सहा-आठ महिने बंद राहिला असता, बिल्डरनं करार रद्द करून ते घर दुसऱ्याला दिलं असतं. चैत्रालीनं पडद्यांची कापडंसुद्धा आणून ठेवली होती. मी आकृती झिपलॉकच्या पिशवीत घालून खिशात टाकली. फोटो काढले नाहीत. अर्लला म्हटलं, बुजव.

त्यानं बुजवलं. संध्याकाळी मी फॉर्मवर लिहिलं, काहीही आढळलं नाही, आणि सही केली. माझ्या बारा वर्षांच्या कामातली ती एकच खोटी सही. अर्लनं दुसऱ्या दिवसापासून दुसरी साइट मागून घेतली.

ऑगस्टमध्ये सतराचा पाया घालायची वेळ आली. अमेरिकेत काँक्रीट पडल्यावर जमीन उकरता येत नाही, म्हणून इथले मराठी लोक वास्तुपुरुष आधीच पुरून घेतात. बाकीची पूजा घर झाल्यावर. यशोधननं साइटच्या मुकादमाला गोड बोलून सकाळचा अर्धा तास मिळवला होता. गुरुजी म्हणजे पुरुषोत्तम काका, एरवी बँकेत डेटाबेस सांभाळणारे. त्यांच्या सोवळ्यावर पिवळं हेल्मेट होतं, आणि मंत्र म्हणताना ते एका हातानं ते सावरत होते. बेडरूम आग्नेयेला येते, स्वयंपाकघर नाही, याची चैत्रालीला जरा रुखरुख होती. काका म्हणाले, ‘अगं, प्लॅन बिल्डरचा. अग्नीला आपण नमस्कार करू, म्हणजे झालं.’

वास्तुपुरुष आईनं नागपूरहून पाठवला होता. मी तो आधी हातात मागून घेतला. नवाकोरा, लखलखीत. टाच उलटसुलट करून बघितली. एक ओरखडा नव्हता. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. दुसरा माझ्या जीन्सच्या खिशात होता, पिशवीसकट. पाच महिने मी त्याच्याबद्दल विचार करायचं टाळलं होतं, आणि आता वाटलं, असेल काहीतरी, कुणीतरी कधीतरी पुरलेलं.

‘ताई, तूच खण ना,’ चैत्राली म्हणाली. ‘तुझा तर रोजचा धंदा आहे.’

मी माझ्या थापीनं खड्डा केला. काकांनी डबीत धान्य आणि पाच रत्नं घातली, वास्तुपुरुष पालथा ठेवला. डबी नीट बसेना. मी कडेची माती थापीनं थोडी ढकलली. थापीचं टोक सटकलं आणि चांदीवर घासल्याचा आवाज आला.

अगदी बारीक आवाज. कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही.

उजवी टाच. तिरका चरा.

काकांनी माती लोटली. मुकादम घड्याळ दाखवत होता. मी गाडीत जाऊन खिशातली पिशवी काढली. तिचं तोंड बंद होतं. आत चमचाभर लाल माती होती, बाकी काही नाही.

त्याच संध्याकाळी मी चैत्रालीला सगळं सांगितलं. फॉर्म, खोटी सही, जळलेली जमीन. हे घर घेऊ नकोस म्हटलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. माझा घटस्फोट होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘आमचं काही चांगलं झालेलं तुला बघवत नाही का?’

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. जानेवारीत ते राहायला गेले. मी भेट म्हणून आग विझवायचा सिलिंडर नेला. वाढदिवसाला धूर ओळखणारे अलार्म नेले, दिवाळीला आणखी दोन. यशोधन मला फायर ब्रिगेड म्हणायला लागला. हसायचा, पण प्रत्येक अलार्म त्यानं लावला. मी गेले की एकेकाचं बटण दाबून बघायची. सगळे चालत होते.

२००७ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना मुलगी झाली. आठ वर्षं डॉक्टर करून दोघांनी आशा सोडली होती, आणि मग काही न करता शिवांगी आली. एवढी गोड पोर मी बघितली नाही. मला बघितलं की मुठी चोखणं थांबवून टक लावायची. तिला पाळणाघरात ठेवायचं नाही असं ठरलं होतं, आई आणि यशोधनची आई आळीपाळीनं येत होत्या, आणि सुरुवातीला ती आईवडिलांच्याच खोलीत झोपत होती.

मी एकदा पुन्हा धीर केला. घर विका म्हटलं, कारण दुसरंच काहीतरी दिलं. पण तोवर बाजार बसला होता. त्यांच्या गल्लीतली निम्मी घरं रिकामी होती, दारांवर बँकेचे कागद, अंगणात वाळलेलं गवत. चौदा नंबरच्या स्विमिंग पुलात पाणी हिरवं झालं होतं. यशोधन म्हणाला, ‘विकून जाणार कुठे? आता इथंच राहायचं, जन्मभर.’

या जूनमध्ये, गेल्या रविवारी दुपारी, चैत्रालीनं मला घरी बोलावलं. शिवांगीची वेगळी खोली तयार झाली होती. बाहेर एकशे अकरा डिग्री फॅरनहाइट होतं आणि आत एसीचा एकसारखा घों घों आवाज. नवे पडदे लावलेले, तेच तिनं तीन वर्षांपूर्वी कापड आणलेले. गालिचा काढून नवी फरशी घातली होती, रांगणाऱ्या मुलीला धूळ नको म्हणून. कपाटाचा कोनाडा उजवीकडे. दार इथं.

पूर्वेच्या भिंतीपाशी शिवांगीची पाळण्यासारखी खाट होती. पांढरी, लाकडी, चार गोल पायांची.

माझ्या पर्समध्ये टेप असतो, सवयीनं. चैत्राली दूध गरम करायला गेली तेव्हा मी मोजलं. लांबी बावन्न. रुंदी अठ्ठावीस. भिंतीपासून सात इंच. वही उघडायची गरज नव्हती, मला ते आकडे पाठ आहेत.

मी खाट ओढून दुसऱ्या भिंतीला नेली. चैत्राली आली, म्हणाली, तिकडे एसीचा झोत थेट अंगावर येतो, आणि परत होती तिथं सरकवली. शिवांगी आत झोपलेली. तिची झोपसुद्धा मोडली नाही.

‘शनिवारी आम्ही मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जाऊ का?’ चैत्रालीनं विचारलं. ‘आई परत गेल्यापासून दोघं एकत्र कुठे गेलोच नाही. चार तासांचा प्रश्न आहे. तू बसशील हिच्यापाशी?’

मी नाही म्हणणार होते. शब्द तोंडाशी आले होते.

मी खाटेच्या कठड्यावर हात ठेवून पोरीकडे बघत होते. मग खाली बघितलं, माझ्या पायांकडे. तीन वर्षं त्या दोन लांबट डागांचा मला उलगडा झाला नव्हता. मी वहीत त्यांची मापं घेतली होती, दिशा लिहिली होती. उजवा डाग सरळ, खाटेकडे तोंड करून. डावा बाहेर वळलेला.

मी तिथून हलू शकले असते. पण मग त्या जमिनीवर खाटेचे चारच ठिपके राहिले असते, आणि तिच्याजवळ कुणीच नसतं.

‘येईन,’ मी म्हटलं.

चैत्राली खूश होऊन स्वयंपाकघरात गेली. मी वाकून शिवांगीचं पांघरूण सारखं केलं. पायांखालची फरशी कोमट होती.