घ आणि ध

त्या रविवारी राणी बागेच्या भिंतीपाशी येऊन उभी राहिली, आणि पलीकडून उत्तर द्यायला सरदारच नव्हता.

म्हणजे सरदाराचा भाग वाचणारे बँकवाले काका घसा बसून घरी पडले होते. वाचनगट आठ जणांचा. दर रविवारी दुपारी चारला सगळे आपापल्या घरून फोनवर जमायचे आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या अद्भुत कथा मोठ्याने वाचायचे. उडते घोडे, शापित तलवारी, बोलणारे पक्षी... कॅमेरे बंद, नुसते आवाज. गट चालवणाऱ्या बाई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा एकच नियम होता: नाव-गाव सांगायचं नाही, फक्त कामधंदा सांगायचा. "नाहीतर ओळखीपाळखी निघतात, आणि पुस्तक राहतं बाजूला," असं त्या म्हणत.

म्हणून राणीचा भाग वाचणारी ती या गटात चष्मेवाली होती. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून फ्रेममध्ये काचा बसवायची. घरी आत्या तिला ठमे म्हणायची. आईवडील गेल्यापासून दोघीच एकमेकींना होत्या. दर रविवारी आत्या मटार सोलत शेजारी बसे, आणि सोलण्याच्या नावाखाली सगळी गोष्ट ऐके.

"सरदार कोण होणार?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात फोनमधून एक अनोळखी आवाज आला. "नमस्कार... नव्या दरवाज्यांचं प्रशिक्षण इथंच आहे ना?"

"कसले दरवाजे?"

"लिफ्टचे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. बहुतेक आकडा चुकला माझा. तीनच्या जागी आठ दाबला असेन."

"लिफ्टवाले, पाच मिनिटं वेळ आहे?" बाईंनी आयुष्यभर वर्ग सांभाळला होता, आलेल्या माणसाला जाऊ देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मी पान पाठवते. जिथं 'सरदार म्हणाला' असेल, तिथलं तेवढं वाचा."

तिला वाटलं, आता फोन ठेवणार हा. पण तो वाचू लागला. सावकाश, जरा अडखळत... खोल आवाज, अंधाऱ्या जिन्यात कुणी हळूच दिवा लावत यावं तसा. गोष्ट साधीच होती. किल्ल्याच्या बागेला उंच भिंत, आत राणी, बाहेर पहाऱ्यावरचा सरदार. भिंत ओलांडायची नाही अशी त्याची शपथ. सात वर्षं दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत असतात, आणि एक बोलणारा ससाणा दोघांच्या मध्ये चहाड्या करत फिरत असतो. ससाणा बाई स्वतः वाचत, अगदी रंगात येऊन.

"तू अजून आहेस का तिथे?" तिने राणीचं वाक्य वाचलं.

"आहे," तो म्हणाला. "तू बोलत राहा."

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

पाच मिनिटांचा तास झाला. शेवटी बाईंनी आभार मानले, तेव्हा तो म्हणाला, "एक विचारू? सात वर्षं हा भिंतीशी उभा आहे. जेवतो कधी? आणि चिलखत घालून झोपतो कसा?"

गटात कुणालाच उत्तर येत नव्हतं. ती कथा पूर्वी दोनदा वाचलेल्या बाईंनासुद्धा. "पुढच्या रविवारी या, शोधून ठेवते," त्या म्हणाल्या.

तो आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. बँकवाल्या काकांचा घसा कधीच बरा झाला होता, पण त्यांनी सरदारपद परत मागितलं नाही. 'मी आता घोडा होतो, घोड्याला वाक्यं कमी आहेत,' म्हणाले.

मग आठवडाभरही निरोप येऊ लागले. बाईंच्या परवानगीने, गटाच्या निरोपखिडकीतूनच.

'आज तेरा मजली इमारतीच्या वरच्या टोकाला होतो. खाली धुकं, वर मी. तुमची राणी राहते ती जागा अशीच असणार.'

'राणीला लिफ्ट नव्हती हो,' ती लिहायची.

'म्हणूनच तर सात वर्षं लागली. मी असतो तर आठवड्यात बसवून दिली असती.'

दुकानाच्या मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र घूं घूं करत असे, बारीक पाण्याचा तुषार बोटांवर उडत असे, आणि ती एकटीच हसत असे. दुकानाचे मालक डोकावून विचारत, "काय झालं?" ती म्हणे, "काही नाही, काच छान बसली."

एक गंमत मात्र तिच्या मनात घर करून राहिली होती. एरवी दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. 'तुम्ही जेवलात का', 'तुमच्याकडे पाऊस आहे का'. पण रविवारी चार वाजले, पान उघडलं, की तो तिला तू म्हणे आणि ती त्याला. पाच वाजता पुस्तक मिटलं की पुन्हा तुम्ही. त्या एका तासासाठी ती अख्खा आठवडा ढकलत होती... पण हे ती स्वतःशीसुद्धा धड कबूल करत नव्हती.

आत्या मात्र मटार सोलता सोलता म्हणाली, "राणीपेक्षा तूच जास्त लाजतेस, ठमे."

"अगं, वाचताना भाव नको का?"

"पान उलटतानाही?"

तो वाचताना चुकायचा, हे खरं. एकदा 'माझं भान हरपतं' हे त्याने 'माझं मान हरपतं' असं वाचलं. गटात एक भूलतज्ज्ञ डॉक्टर होते, त्यांच्या वाचनाने निम्म्या लोकांना पेंग यायची. तेसुद्धा खदखदून हसले. तोही हसला. पण नवव्या रविवारी घोटाळा झाला.

सरदार भिंतीला कपाळ टेकून राणीकडे शेवटचं मागणं मागतो, तो प्रसंग होता. पुस्तकात होतं, 'नको राज्य, नको किल्ला, फक्त तुझ्या मनात घर.' त्याने वाचलं, "नको राज्य, नको किल्ला... फक्त तुझ्या मनात धर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि तिला काय सुचलं कोण जाणे. त्या एका शब्दाने छातीत जे काही लक्कन हललं ते लपवायला ती घाईघाईने म्हणाली, "अहो लिफ्टवाले, घ आणि ध तर बालवाडीत शिकवतात."

सगळे हसले. तो हसला नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दहावीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं मी. पुढचं कुणीतरी दुसऱ्याने वाचा." आणि त्याचा आवाज बंद झाला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. बँकवाले काका नाइलाजाने पुन्हा सरदार झाले. ती वाचत होती, पण राणी कुणाशी बोलतेय तेच तिला कळेना. तिने त्याला दोन निरोप पाठवले, त्याने ते उघडलेसुद्धा नाहीत.

आत्याने तिच्यासमोर चहा ठेवला. "जिभेला हाड नसतं म्हणून असं काहीही बोलायचं?"

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

कसं म्हणायचं होतं, ते तर त्याहून अवघड होतं.

मंगळवारी दुपारी ती एका गृहस्थांचा जवळचा चष्मा तयार करत होती. तपासणीच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. अक्षरांचा तक्ता हातात धरून ते वाचत होते. "भ... नाही, म. ध... की घ?" तिच्या हातातली काच थांबली. मान आणि भान. घर आणि धर. तीन आणि आठ. एवढा तेरा मजल्यांवरून धुकं बघणारा माणूस... त्याला लांबचं सगळं दिसत होतं, हातातलं पान दिसत नव्हतं. आणि दिवसभर चष्म्यात बुडालेल्या तिला नऊ रविवार हे कळलं नव्हतं.

तिने बाईंना फोन केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माझा नियम आहे, मी कुणाचा नंबर देत नाही," त्या म्हणाल्या. मग लगेच, "पण निरोप मी पोचवू शकते. निवृत्त झाल्यापासून एवढं चांगलं काम मिळालं नव्हतं. सांग."

तिने सांगितलं: 'चूक तुमची नव्हती, डोळ्यांची होती. आणि त्यानंतरची माझी. रागवा माझ्यावर, पण डोळे तपासून घ्या. आणि खरं सांगू? पुस्तकातल्यापेक्षा तुम्ही वाचलेलं वाक्य चांगलं होतं.'

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी गटाच्या निरोपखिडकीत 'लिफ्टवाले' अशी अक्षरं उजळली.

'तपासले. दोन नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना. डॉक्टर म्हणाले लहानपणापासूनचा असणार. मला वाटायचं पुस्तकं सगळ्यांनाच अशी धूसर दिसतात, आणि बाकीचे हुशार आहेत म्हणून वाचतात.'

ते वाचताना तिला फोनवरची अक्षरं धूसर दिसू लागली.

'चष्मा मी करून देईन,' तिने लिहिलं. 'पण बुबुळांमधलं अंतर मोजावं लागेल. ते फोनवर मोजता येत नाही.'

बराच वेळ 'लिहीत आहे' असं दिसत राहिलं. मग एकच शब्द आला. 'पत्ता?'

सोमवारी दुपारी तो आला. तिने कल्पना केली होती तसा अजिबात नव्हता. उंच वगैरे नाही, मध्यम. केसांत पावसाची भुरभुर, निळ्या शर्टाच्या खिशात टेस्टर, नखांच्या कडांना न निघणारं काळं वंगण. पण "नमस्कार" म्हणाला, आणि तिने काउंटरला हात टेकला.

"तुम्ही...?"

"सरदार. माजी."

"बसा." तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. तिने त्याला खुर्चीत बसवलं, समोर स्टूल ओढलं, मिलिमीटरची पट्टी त्याच्या नाकाच्या कमानीवर धरली. "आता माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा."

तो बघू लागला. बाहेर पाऊस पत्र्यावर हलकेच बोटं वाजवत होता. तिने एक डोळा मिटला, आकडा बघितला... आणि विसरली. पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा पट्टी उलटीच धरली.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"मी हललो नाही." तो अगदी हळू बोलला. "आणि इथं पुस्तक कुठंय?"

तिच्या ध्यानात आलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या. "चुकून निघालं."

"असू दे तसंच. चुका करण्यात मीच का पुढे असावं?"

"चौसष्ट," ती घाईने म्हणाली आणि कागदावर लिहिलं. "गुरुवारी मिळेल चष्मा."

तो बुधवारी आला.

चष्मा तयार होता. गुरुवारची वाट न पाहता तिने सकाळीच, सगळी कामं बाजूला सारून, तो केला होता. तिने स्वतःच्या हाताने काड्या त्याच्या कानांमागे बसवल्या, फ्रेम नाकावर नीट टेकवली. समोर छापील तक्ता धरला. "वाच."

त्याने तक्ता बाजूला केला. तो तिच्याकडे बघत होता.

"सोमवारी तू इतकी जवळ बसली होतीस ना," तो म्हणाला, "तेव्हा नुसता एक उजेड दिसत होता. भुवईत असा तीळ आहे, हे मला माहीतच नव्हतं."

"आता कळलं?"

"आता बरंच कळतंय. थांब जरा... बघू दे."

ती थांबली. मालकांनी आतून खोकून दाखवलं, तरी थांबली. मग तिने अ‍ॅप्रन काढून खुंटीला टांगला आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. नोकरीतल्या सहा वर्षांत पहिल्यांदाच.

बाहेर पाऊस थांबून रस्ता चकचकत होता. तो वाटेतल्या पाट्या वाचत चालला होता, औषधाच्या दुकानाची, शिंप्याची, कुत्र्यांपासून सावध राहा म्हणणारी. बसथांब्याशी येऊन ती उभी राहिली.

"त्या रविवारी मी तुला बोलले ना," ती म्हणाली, "ते तुझ्या चुकीला नव्हतं. तू 'धर' म्हणालास, आणि मला वाटलं... हो म्हणावं. तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर. ते लपवायला तसं बोलले." तिने श्वास घेतला. "मला तू आवडतोस."

नेमकी त्याच वेळी एक बस घरघरत येऊन थांबली.

"काय म्हणालीस?"

"मला तू आवडतोस," तिने मोठ्याने सांगितलं. रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. एका बाईंनी छत्री मिटता मिटता कौतुकाने मान डोलावली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले. "आता आलं का ऐकू?"

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, मग पिशवीबरोबर हातही.

"मघाशीच आलं होतं," तो म्हणाला.