पंढरीकाकांची टिक

हे खरं आहे. कोणाच्या कोणीतरी सांगितलेलं नाही, माझ्या सख्ख्या मावसबहिणीने, समिधाने, माझ्यासमोर बसून सांगितलेलं आहे. सांगताना तिने माझा हात धरून ठेवला होता. पुढे दोन दिवस माझ्या मनगटावर वळ होता.

कंपनीचं नाव विचारू नका. तिची नोकरी अजून तिथेच आहे, आणि तिच्या भावाचीही.

तुम्ही म्हणाल, अमावस्येची रात्र असेल, लाइट गेली असेल. तसलं काही नाही.

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. दुपारचे पावणेचार. तारापूर एमआयडीसीत टळटळीत ऊन.

भर उजेडात घडलं सगळं. म्हणूनच जास्त भीती वाटते.

समिधा मासवणची. बोईसरला खोली घेऊन राहते, एका केमिकल कंपनीत शिफ्ट केमिस्ट आहे. धाकटा भाऊ भावेश, त्यालाही तिनेच तिथे कंत्राटावर चिकटवला. काम काय, तर रिकाम्या झालेल्या टाक्यांत उतरून त्या आतून घासायच्या. आई नको म्हणत होती. समिधा म्हणाली, "मी आहे ना तिथे."

हे वाक्य तिला आजही झोपू देत नाही.

तर कंपनीने वर्षभरापूर्वी कागदी रजिस्टर बंद करून सगळं ऑनलाइन केलं. एकच फाइल, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर एकाच वेळी उघडी. जो फाइलमध्ये असेल, त्याच्या नावाचा रंगीत चौकोन रकान्यांतून फिरताना दिसायचा. समिधाचा जांभळा. तिचे साहेब, भाग्येश सर, त्यांचा निळा.

आणि पंढरीकाकांचा हिरवा.

टाकीत माणूस उतरवायचा तर फाइलमध्ये दोन टिका लागायच्या. गॅसची लाइन बंद आहे, आतली हवा तपासली आहे, हे दोन माणसांनी आपापल्या डोळ्यांनी बघायचं आणि टिक मारायची. एक समिधा. दुसरे पंढरीकाका, प्लँटमधले सगळ्यात जुने ऑपरेटर, दांडी गावचे. समिधा खालच्या लॅबमधून खुर्चीत बसूनच टिक मारून टाकायची, कारण टाक्या तिसऱ्या मजल्यावर आणि काका तर वर जाणारच. काका गुडघे धरत जिने चढायचे, व्हॉल्व्हला हात लावून बघायचे आणि मगच मोबाइल काढायचे. नुसती टिक मारून त्यांचं समाधान व्हायचं नाही. शेजारी एका बोटाने लिहायचे, 'बघितलं'.

समिधाला ओरडायचेही. "पोरी, बघल्याबिगर टिक मारू नको. ती टिक नाय, माणूस हाय आत."

ती हसून सोडून द्यायची.

दसऱ्यानंतरच्या सुट्टीत काका गेले. घरी, झोपेत. कोणाचा काही दोष नाही, वय झालं होतं.

कंपनीने त्यांच्या जागी माणूस भरला नाही. भाग्येश सर मीटिंगमध्ये एवढंच म्हणाले, "नवीन माणूस येईपर्यंत पंढरींचं नाव फाइलमध्ये राहू दे. आपण सांभाळून घेऊ."

समिधा समजायचं ते समजली. चार दिवसांनी एका टाकीचं काम निघालं. तिने तिची टिक मारली. पाच-सात मिनिटांनी हिरवा चौकोन आला, दुसरी टिक पडली, शेजारी लिहिलेलं आलं, 'बघितलं'.

तिला वाटलं, सर काकांच्या नावाने टाकतायत. शब्दसुद्धा तोच ठेवलाय.

थोडं विचित्र वाटलं. मग सवय झाली. हे बरोबर नाही, हे तिला कळत होतं. पण अशा गोष्टी कोणी तोंडाने बोलत नाही.

चार महिने असं चाललं. एकदाही टिक चुकली नाही.

आता तो रविवार.

सर सुट्टीवर, पालघरला घरी. भावेशला चार नंबरच्या टाकीत उतरायचं होतं आणि त्याला घाई होती, संध्याकाळी गावात मित्राची हळद होती. समिधाने लॅबमधूनच तिची टिक मारली. खुर्चीतून उठलीसुद्धा नाही.

पाच मिनिटं झाली.

दहा झाली.

हिरवा चौकोन आला नाही.

भावेशचा फोन आला. "ताई, दुसरी टिक नाय पडली अजून."

"पडेल रे. सर जेवत असतील."

"मग आमी उतरतो. तुझी पडली ना? काकांची काय, रोजच पडते." हसला आणि फोन ठेवला.

रोजच पडते, म्हणून कोणी थांबेना. समिधालाही त्याला थांबवावंसं वाटलं नाही. हे ती स्वतःच्या तोंडाने सांगते, लपवत नाही.

फाइलमध्ये भावेशच्या नावापुढे 'आत गेला' या रकान्यात वेळ पडली. तीन सत्तेचाळीस.

आणि तेव्हा... हिरवा चौकोन आला.

तिला हायसं वाटलं. पण चौकोन टिकेच्या रकान्यात थांबला नाही. तो सरकला... आणि भावेशच्या नावावर जाऊन बसला.

मग गॅसच्या लाइनच्या रकान्यात.

परत भावेशच्या नावावर.

परत लाइनवर.

इकडून तिकडे, इकडून तिकडे. भराभर.

मग तिच्या डोळ्यांदेखत... तिची स्वतःची टिक पुसली गेली.

तिने परत मारली. परत पुसली गेली.

चिडून तिने सरांना फोन लावला. "सर, काय करताय? टिक टाका ना, पोरगं आत गेलंय!"

"कसली टिक?"

"पंढरीकाकांची. तुम्ही टाकता ना रोज?"



"मी?" सर म्हणाले. "समिधा, मला त्यांचा पासवर्डसुद्धा माहीत नाही. मला वाटलं तू टाकतेस."



स्क्रीनवर तो हिरवा चौकोन आता लाइनच्या रकान्यात थांबला होता. त्यात एकेक अक्षर उमटत होतं. हळू... एका बोटाने लिहिल्यासारखं.

'बं'...

'बंद'...

'बंद नाय.'

समिधा उठली. फोन टेबलावर तसाच, सर पलीकडून हॅलो हॅलो करतायत, आणि ती पळत सुटली. तीन मजले. जिन्यात तिची एक चप्पल निघाली, तिने मागे वळून पाहिलं नाही.

चार नंबरची नायट्रोजनची लाइन. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो. त्यात माणूस खोकत नाही, ओरडत नाही. नुसता खाली बसतो, आणि उठत नाही.

टाकीच्या तोंडाशी दोरी धरून शिवाजी उभा होता, भावेशचा जोडीदार. निवांत. "काय झालं मॅडम?"

"दोरी ओढ! ओढ दोरी!"

तिने आत वाकून बघितलं. भावेश शिडीच्या खालच्या पायरीवर बसला होता. मान छातीवर पडलेली. हातातला ब्रश खाली.

"भावेश!"



शिवाजी आत उतरायला निघाला, तिने त्याच्या शर्टाला धरून मागे खेचलं. उतरला असता तर दोघे गेले असते. पट्टा होता कमरेला, दोरी होती, ते नशीब. आणखी दोघे धावत आले. सगळ्यांनी मिळून त्याला वर ओढून घेतला. ओठ निळे पडले होते.

समिधा व्हॉल्व्हकडे धावली. त्यावर 'बंद' अशी पाटी लटकत होती.

व्हॉल्व्ह दीड फेरा उघडा होता.

भावेशने डोळे उघडायला बारा मिनिटं घेतली. त्या बारा मिनिटांत आपण किती वेळा मेलो, हे समिधा मोजू शकत नाही. आईचा चेहरा, आणि आपलंच ते वाक्य, 'मी आहे ना तिथे'.

ती तिथे नव्हती. ती खुर्चीत होती.

दुसऱ्या दिवशी समिधा आणि सर दार लावून बसले आणि फाइलचा मागचा सगळा इतिहास उघडला. कोणी, कधी, काय लिहिलं, सगळं त्यात राहतं. चार महिन्यांत काकांच्या नावाने एकोणचाळीस टिका. एकोणचाळीस वेळा 'बघितलं'. आणि सगळ्या काकांच्याच मोबाइलवरून पडलेल्या.

 सरांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून काकांचं नाव फाइलमधून काढून टाकायला लावलं. 

दुसरी टिक आता शिवाजी मारतो.

आठवड्याने समिधा दांडीला गेली, काकांच्या घरी. अंगणात बोंबील वाळत होते. काकांच्या बायकोने, गोजराबाईंनी, चहा ठेवला. काकांचा मोबाइल कुठे आहे, असं समिधाने हळूच विचारलं. त्यांनी पेटी उघडून दाखवला. काकांच्या धोतराखाली, बंद. दिवाळीच्या आधीपासून त्याला कोणी चार्जिंग लावलेलं नव्हतं.

समिधा उठली. दाराशी चप्पल घालताना तिचं लक्ष गेलं.

काकांचे कंपनीचे बूट. जोडीने ठेवलेले. त्यांच्या तळव्यांना आणि टोकांना... पिवळी पावडर.

ती पावडर टाक्यांच्या मजल्याशिवाय कुठेच नसते.

"काकी, हे बूट धुतले नाही तुम्ही?"

"रोज धुवते." गोजराबाई शांतपणे म्हणाल्या. "ते गेल्यापासून रोज सकाळी असेच होतात. पैल्यांदा भ्यायले मी. मग म्हटलं, जाऊ दे, कामाची सवय हाय त्यांना. घरात काय करतील बसून?"

"आज पण?"

"आज पण."

समिधा उंबऱ्यावरच बसली. नाव काढून आठ दिवस झाले होते.

त्याच संध्याकाळी तिने सरांच्या हातापाया पडून काकांचं नाव फाइलमध्ये परत घालून घेतलं. ते अजून आहे. तिने मला मोबाइलवर दाखवलं.

पण हिरवा चौकोन पुन्हा आला नाही. एकदाही नाही.

आता समिधा प्रत्येक वेळी तीन मजले चढून जाते, व्हॉल्व्हला स्वतः हात लावते, दोनदा लावते. भावेशला तिने हात जोडून सांगितलं, हे काम सोड. तो म्हणतो, दुसरी नोकरी दे, सोडतो. चेष्टाही करतो, "ताई, काका हायत ना वर."

तेच तर तिला खातंय. काका आहेत. रोज जातात, रोज बघतात. फक्त आता सांगत नाहीत.

काल गोजराबाईंचा फोन आला होता. समिधा तेव्हा माझ्याकडेच, शेजारी बसलेली होती, म्हणून पलीकडचं मलाही ऐकू आलं.

"पोरी, आज बूट लयच भरलेत गं. घोट्यापर्यंत. रात्रभर फिरले वाटतं." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "काय शोधतात गं ते तिकडं?"

समिधाने फोन कानाला तसाच धरून ठेवला. 

उद्या दुपारी भावेशला चार नंबरच्या टाकीत उतरायचं आहे.