शेकोटीपलीकडची बाई

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढे जा. मी कपडे शिवते, गोष्टी रचत नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. रविवारी, भर दुपारी तीन वाजता, माझ्या मेहुण्यांच्या हॉलमध्ये.

मेहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. धाकटी जाऊन आठ महिने झाले होते. तिचं कपाट रिकामं करून न्या, असा त्यांचा फोन आला. त्यांना जागा हवी होती म्हणे.

मी पोचले तेव्हा मेहुणेबुवा टीव्हीसमोर गेम खेळत होते. वय वर्षं त्रेचाळीस.

या गेममध्ये नुसती मारामारी नसते. सोबतीला माणसं असतात. त्यांच्याशी गोड बोलायचं, भेटी द्यायच्या, मर्जी सांभाळायची, की एखादी प्रेमात पडते. यांच्या प्रेमात एक धनुष्यवाली पडली होती.

प्रत्येकीला काय आवडतं ते लक्षात ठेवावं लागतं, असं त्यांनी मला मोठ्या कौतुकाने समजावलं. धनुष्यवालीला निळी फुलं आवडतात. तिच्या भावाचा विषय काढलेला तिला खपत नाही. सगळं तोंडपाठ.

अकरा वर्षांत बायकोच्या चपलेचा नंबर या माणसाला माहीत नव्हता.

धाकटी गेली त्या दुपारी तिने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली होती. हे "आलो, आलो" म्हणत बसून राहिले. धनुष्यवाली तेव्हा लग्नाला होकार देत होती. मध्येच उठलं असतं तर सगळं पहिल्यापासून खेळावं लागलं असतं. हे त्यांनीच सांगितलं, भेटायला आलेल्या चार माणसांसमोर. वीस मिनिटांनी ते आत गेले तेव्हा ती फरशीवर पडलेली होती.

ती काय सांगायला बोलावत होती?

या एका प्रश्नाने मला आठ महिने पोखरलं होतं.

तर त्या रविवारी मी आत कपाट उपसत होते. बाहेरून गेमचं संगीत ऐकू येत होतं.

ते अचानक थांबलं...

फक्त शेकोटीची तडतड उरली.

मग कुणीतरी घसा खाकरला. हलकेच, दोनदा... बोलायच्या आधी धाकटी खाकरायची तसा.

हातातला ड्रेस तिथेच टाकून मी हॉलमध्ये आले.

पडद्यावर जंगलातला तळ होता. तंबू, शेकोटी, भोवती चिलखतं घातलेले सोबती. धनुष्यवाली कमरेवर हात ठेवून उभी. आणि शेकोटीपलीकडे, उजेड संपतो तिथे, एक बाई पाठमोरी...

तिचा डावा खांदा उतरलेला होता.

अर्धा इंच. वीस वर्षं मी तिचे कपडे शिवले, दर वेळी तेवढा फरक धरूनच कापड कापलं. अंगात गाऊन होता. उजव्या बाजूला खिसा. तो खिसा मीच लावला होता.

"ती कोण आहे?" मी विचारलं.

मेहुण्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. असेल कुणीतरी, म्हणाले, गर्दी दिसावी म्हणून उभी करतात अशी माणसं.

गर्दी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं एका घरात राहून या माणसाला स्वतःची बायको ओळखू येत नव्हती.

तिच्याजवळ न्या, मी म्हणाले. कुरकुरत त्यांनी नेलं. खाली अक्षरं उमटली, 'बोला'. त्यांचा अंगठा बटणावर तसाच थांबला.

"दाबा," मी म्हणाले.

ती वळली नाही.

"अहो... जरा आत येता का?"

तिचाच आवाज. धाप लागलेला.

"हात जड झालाय माझा... बरं, ताईला एवढं सांगा, की..."

मेहुण्यांनी दुसरं बटण दाबलं.

समोरच्याचं बोलणं गाळून पुढे जायचं बटण असतं ते. वाक्य तुटलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. अक्षरं येत होती आणि वाचायच्या आत जात होती. चार ओळी... पाच...

मी त्यांचा हात धरला तोवर शेकोटीपलीकडे कुणीच नव्हतं. संगीत सुरू झालं होतं.

मी त्यांना गेम मागे न्यायला लावला. सात वेळा. धनुष्यवाली सातही वेळा तिथे होती, लाडात येऊन "दमलास का?" विचारत होती. माझी बहीण नव्हती.

तेव्हापासून मी दर रविवारी जाते. ज्यांचं तोंडही बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यांच्या शेजारी बसून तो तळ बघते.

गेल्या रविवारी न राहवून विचारलं, तिचा आवाजसुद्धा ओळखला नाहीत का?

"ओळखला ना, ताई," ते म्हणाले. "आठ महिने रोज यायची ती तिथे. मी रोज बटण दाबायचो."

थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली. पण गेम त्यांच्याच हातात होता, आणि मला तो खेळता येत नाही.

"तळावर चला," मी म्हणाले.