जयराजचं पायताण

मोबाईल पालथा ठिव रं यशराज. ऐकायचं आसंल तर नीट ऐक, न्हाईतर घरला जाऊन झोप. माझी काय बळजबरी न्हाई.

आपल्या भावकीतला जयराज तुमी वळखता. आता कुपवाडला कारखान्यात हाय. गाव का सोडलं म्हणून इचारलं की सांगतो, "हितलं पाणी मानवंना." खोटं हाय. खरं त्यानं मला सांगितलंय.

तळ्याच्या काठाला पांढर हाय, पांढऱ्या मातीचं जुनं टेकाड, तिथं गेल्या साली पुण्याची माणसं उकरत व्हती. हजारो वर्षांमागची वस्ती म्हणं. चुली निघाल्या, खापरं निघाली. मग एक माणूस निघाला. नुसती हाडं. घोट्याखाली पाय न्हाईत.

"तसंच पुरायचे," उकरणारी बाई म्हणाली. "मेलेला माघारी चालत येऊ नये म्हणून."

काय रं साईराज? भुताचं पाय उलटं असत्यात? आरं शाण्या, उलटं व्हायला आधी पाय तर पायजेत!

तर बाईचं ऐकून बघायला जमलेली सगळी दोन पावलं मागं सरली. जयराज तेवढा हसला. पायातलं कापशी गावचं कातड्याचं पायताण काढून खड्ड्यावर धरलं आन् म्हणाला, "चालाय येत न्हाई व्हय पावनं? घ्या माझं पायताण. या घरला च्या प्यायला."

ते पायताण लय करकरायचं. गल्लीच्या तोंडाला वाजलं की त्याची बायको रेश्मा न बघताच कडी काढायची.

त्याच आठवड्यात चैताची आवस आली. रविवार. शेतीची लाईट रातच्यालाच, म्हणून उसाला पाणी द्यायला जयराज तळ्यावर गेला. घरात रेश्मा आन् पाळण्यातलं पोरगं, दोघंच. मोटर पाणी उचलंना. पाइपाच्या तोंडात शेवाळ गुतलं आसंल म्हणून पायताण काठावर काढलं आन् गुडघाभर गाळात उतरला. शेवाळ वढलं. पाणी धरलं. माघारी वळला तर...

पायताण न्हाई.

कुत्र्यानं नेलं आसंल म्हणून बॅटरी मारली. ओल्या मातीत कुत्र्याचा माग न्हाई. कुणाचाच न्हाई.

तवा ऐकू आलं. पांढरीच्या अंगानं.

करकर... करकर... अडखळत. नव्यानं चालाय शिकल्यागत.

"कोण हाय रं?"

थांबलं.

मग परत लागलं. गावाच्या वाटंला. आता अडखळत न्हवतं.

जयराज मागं पळाला. अंधारात काय दिसंना. आवाज लांब लांब गेला. बंद झाला. त्यानं पळता पळता फोन लावला.

"आवं, दारात येऊन फोन काय करताय?" रेश्मा झोपेत हसली. "वाजलं की पायताण. थांबा, कडी काढते."

"काढू नगं! रेश्मा, मी तळ्यावर हाय..."

कडी वाजली.

मग... काय न्हाई.

पळाला. अनवाणी. काट्याकुट्यातनं.

दार उघडं.

रेश्मा भिताडाला टेकून उभी. डोळं पाळण्याकडं. काय बघितलं ते तिनं आजवर सांगितल्यालं न्हाई.

पाळणा हलत व्हता. त्याच्याखाली पायताण. जोडीनं. तोंड पाळण्याकडं.

आत पोरगं झोपल्यालं. श्वास चालू. ते तवा रांगत सुदीक न्हवतं. जयराजनं दुपटं सारलं...

पायाचं दोनी तळवं पांढरीच्या मातीनं भरल्यालं.

पायताण त्यानं तळ्यात फेकलं. महिन्याच्या आत गाव सोडलं. कुपवाडला तिसऱ्या मजल्यावर ऱ्हात्यात. खाली डांबर, वर सिमिट, मातीचा कण न्हाई. पोरगं आता दुडुदुडु पळतंय. हसतंय. काय कमी न्हाई त्याला.

फकस्त आवस सरली की सकाळी रेश्मा त्याच्या अंगावरचं पांघरूण पायाकडनं उचलती. बघती. आन् तांब्याभर पाणी आणून, पांढरी माती निघंस्तवर तळवं धूत बसती.